अवधूतदादाचं बिल

मंजिरीने हीटरचं बिल मागितलंच नव्हतं. मागणार तरी कशी? अवधूतदादा म्हणजे मराठी मंडळाचा माणूस. आरतीला टाळ तोच वाजवणार आणि कुणाचा नळ गळला तर वायसर बदलायलाही तोच धावणार. कॅनबराच्या गुंगालिन उपनगरातल्या अर्ध्या मराठी घरांवरून त्याचा हात फिरलेला. त्याने जुना गॅस हीटर काढून कोरा करकरीत नवा बसवला. मंजिरीच्या बाबांनी त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ अवधूतनेच फोडला, फोटो निघाले. जाताना म्हणाला, "बिल पाठवतो हं वहिनी, पळून नाही जात मी!" सगळे हसले. भीड भिकेची बहीण, हे काय उगाच म्हणतात?

बाबा, म्हणजे भास्करराव, पुण्याहून लेकीकडे राहायला आलेले. कॅनबराची थंडी त्यांना सोसेना, म्हणून तर हा हीटर. पण तो लागल्यापासून त्यांचं डोकं दुखायला लागलं. दुपारी गुंगी यायची, जेवण नको व्हायचं. सारखे उठून खिडकी उघडायचे आणि मंजिरी धावत जाऊन लावायची. तिने अवधूतला विचारलं, तर म्हणाला, "नवं मशीन आहे वहिनी, थोडे दिवस वास येतोच." तरी तिच्या मनातली पाल काही चुकचुकायची थांबेना. तिने हीटरच्या कंपनीला फोन केला. तपासायला माणूस पाठवू, म्हणाले, पण आधी बिल हवं आणि त्यावर बसवणाऱ्याचा गॅस लायसन्स नंबर हवा.

मग सुरू झालं बिलाचं रामायण. आज पाठवतो, अकाउंटंट सुट्टीवर आहे, प्रिंटर बिघडलाय. शैलेंद्र म्हणायचा, "अगं, आपलाच माणूस आहे, किती मागे लागशील?" नवरा भला, पण भिडस्तपणात बायकोच्या वरताण!

शेवटी ऑफिसातल्या सुरुचीने तिला खडसावलं. "मंजिरी, हे इंडिया नाही. तपशीलवार बिल मागायचा हक्क आहे तुला. मागितल्यावर सात दिवसांत द्यावंच लागतं, तेही फुकट. ईमेल टाक." मंजिरीने ईमेल टाकला आणि मंडळात आता आपल्याबद्दल काय बोलतील याच्या धास्तीने दोन दिवस नीट जेवलीही नाही.

बिल आलं, तिला आणि शैलेंद्रलाही. त्यात लिहिलं होतं : हीटर जुना, ग्राहकाने स्वतः आणलेला, फक्त जागेवर ठेवून दिला. लायसन्स नंबराच्या जागी काहीच नाही. आणि शैलेंद्रने, सिडनीला कामासाठी गेलेल्या त्या महाभागाने, न वाचताच त्यावर पसंतीच्या अंगठ्याचं चिन्ह टाकून 'थँक्स दादा' लिहून टाकलं होतं. तिने अवधूतला जाब विचारला तर उत्तर तयार, "शैलेंद्रला तर मान्य आहे, वहिनी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळीच ती बाबांवर ओरडून आली होती. "बाबा, बाहेर बर्फ पडायची वेळ आलीय आणि तुम्ही खिडक्या कसल्या उघडता? आता हात लावाल तर बघा!" बाबा नुसते कपाळ चोळत बसले होते. ते आठवलं आणि तिने ऑफिसमधूनच पूजेचा फोटो अवधूतला पाठवला. नवा हीटर, बाजूला त्याचं खोकं, हातात नारळ घेतलेला अवधूत आणि शेजारी हसणारे बाबा. खाली लिहिलं, 'हाच ना तो जुना हीटर? आता खरं बिल पाठवा.'

लगेच फोन आला. आवाज अवधूतचाच, पण त्यातली सगळी मस्करी गेलेली.

"वहिनी, नंबर कुठून लिहू? गॅसचं लायसन्सच नाही माझ्याकडे. धुराची नळी नीट बसलीय की नाही, मला खात्री नाही. घरी कोण आहे?"

"बाबा आहेत. एकटे."

"बंद करायला सांगा! आत्ताच्या आत्ता! त्यांचं डोकं दुखतं म्हणालात ना, तेव्हापासून मला झोप नाही हो."

"आणि तरी गप्प बसलात?" मंजिरी किंचाळली. पलीकडे तो रडत होता, पण ते ऐकायला तिला वेळ नव्हता.

बाबांचा फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. तिने ट्रिपल झिरोला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन करून पत्ता सांगितला आणि पर्स तशीच टाकून ट्रामकडे पळाली. प्रत्येक स्टॉपवर ट्राम थांबायची, दारं सावकाश उघडायची, माणसं सावकाश चढायची. देवा, एवढी वेळ निभावून ने, म्हणत ती परत परत फोन लावत होती. सकाळचे स्वतःचे शब्द तिला ऐकू येत होते. आयुष्यभर लेकीचं ऐकत आलेला माणूस. आजही ऐकलं असेल तर?

घरासमोर अग्निशामक दलाची लाल गाडी उभी होती. दार सताड उघडं, आत मास्क लावलेली माणसं. एक जण बाहेर येऊन म्हणाला की आत विषारी वायू साठलाय, कुणी झोपलेलं असतं तर उठलं नसतं.

"माझे बाबा?" तिने त्याची बाही धरली.

त्याने कुंपणाकडे बोट दाखवलं. तिथे उन्हात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, कानटोपी, स्वेटर आणि वर शाल अशा थाटात भास्करराव बसले होते. थंडीने नाक लाल झालेलं, चेहऱ्यावर रुसवा.

ती धावत जाऊन त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारून हमसाहमशी रडायला लागली. बाबा गोंधळले. थंडगार हात तिच्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "अगं, खिडकीला हात नाही लावला मी. तू चिडतेस ना, म्हणून मीच बाहेर येऊन बसलो."