पोटात न जाणारे पाणी

मित्रांनो, माझ्याविषयी चांगले काही ऐकण्याआधी एक वाईट गोष्ट ऐकून घ्या. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि मला दुसऱ्याचे कौतुक सहन होत नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. लाकडी पेटीत बसून मी हुबळीला आलो आणि विद्यानगरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या ओट्यावर माझी जागा ठरली. हिवतापाचे जंतू, थुंकीतले क्षयाचे जंतू, सारे माझ्या भिंगाखालून गेले. एकदा माझा स्क्रू झिजला. तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवरून नवा कातून येईपर्यंत प्रयोगशाळेचे काम अडून राहिले. आपल्यावाचून काम अडते, याचे सुख मी तेव्हा पुरेपूर घेतले.

मग तळमजल्यावर एमआरआय आला. त्याच्यासाठी भिंत पाडली, त्याच्यासाठी दिवसरात्र थंड हवा सुरू झाली. वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापून आला. खंडेनवमीला त्याच्या दारात कोहळा फोडला आणि त्याला झेंडूचा जाडजूड हार घातला. मला आमचा तंत्रज्ञ प्रभंजन याने कुंकवाचे एक बोट लावले, तेही भिंगावर. पुढे कितीतरी दिवस मला जग तांबडे दिसत होते.

त्यातच माझ्या शेजारी पेशी मोजणारे यंत्र येऊन बसले. थेंब घालायचा, बटण दाबायचे, आकडे छापून बाहेर.

"म्हातारा बसू दे कडेला," प्रभंजन म्हणायचा. "मशीन मोजतंय की."

मी कडेला बसलो. माझ्यावर आवरण पडले, आवरणावर धूळ. खालून एमआरआयची ठकठक ऐकू यायची आणि माझा जळफळाट व्हायचा.

अशा दिवसांत अनुसयाबाई आल्या. उणकल तळ्याजवळच्या नव्या वसाहतीत राहणाऱ्या त्या निवृत्त शिक्षिका. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा त्यांचे पती जयतीर्थ वकील यांनी आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले होते. मित्रांनो, शरीरही माझ्यासारखेच मत्सरी असते. परके काही आत आले की ते त्याच्यावर तुटून पडते, मग ते प्रेमाने दिलेले मूत्रपिंड का असेना. तो मत्सर निजवून ठेवायला अनुसयाबाई रोज गोळ्या घेत होत्या. पण पहारेकरी निजला की कोणालाही आत शिरता येते.

त्यांचे डोके दुखू लागले. मग नातवंडांची नावे आठवेनात. मग उजव्या हाताने वेणी घालता येईना. वकीलसाहेब त्यांना घेऊन आले आणि अर्थातच पहिला मान एमआरआयला मिळाला. त्याने मेंदूत कड्यांसारखे ठिपके दाखवले. ते पाहून डॉक्टरांनी लिहिले: क्षय, किंवा फीतकृमीच्या अळ्या, किंवा गाठ, किंवा आणखी काही. इतके 'किंवा' ऐकून मला गुदगुल्या झाल्या. बाई पलंगावर तळमळत होत्या आणि मी वरच्या मजल्यावर खूश होतो.

त्यांच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढले. वॉर्डातून येणारा प्रत्येक नमुना बर्फाच्या डब्यात घालून आणायची आमच्याकडे पद्धत होती. तसेच हेही आले. शेजारच्या यंत्राने ते मोजले: पांढऱ्या पेशी वाढलेल्या. आमच्या भागात हे सहसा क्षयाचे लक्षण ठरते. क्षयाची औषधे आणि सूज उतरवणारे स्टिरॉइड दुसऱ्या दिवशी सुरू करायचे ठरले. स्टिरॉइडने पहारेकरी आणखी गाढ झोपणार होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. दीपश्री यांचे मात्र समाधान होईना. त्यांनी माझे आवरण काढले आणि तो थंडगार थेंब माझ्याखाली ठेवला. गोल, निश्चल पेशी. त्यांना वेगळे काही दिसले नाही. खरे सांगतो, मलाही दिसले नाही.

मग त्यांनी वकीलसाहेबांना वर बोलावून घेतले.

"पाणी उकळून पिता ना?"

"अहो डॉक्टर, आमच्या घरात पाणी इतकं उकळतं की शेजारी हसतात. तिची अर्धी पेन्शन गॅसवर जाते."

"दात घासायला?"

"तेही उकळलेलंच. बाई शिस्तीची आहे हो, पोरांना छडी घेऊन शिकवलंय तिनं."

"नाकात पाणी वगैरे?"

"नेती करते की रोज सकाळी. सर्दीला चांगली म्हणून."

"नेतीला कुठलं पाणी?"

"सम्पातलं. कोमट करायचं, मीठ घालायचं." डॉक्टर ते लिहून घेताहेत हे पाहून ते जरा चिडले. "ते पोटात कुठं जातंय? एका नाकपुडीतनं आत, दुसरीतनं बाहेर."

मित्रांनो, आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आले की लोक ते जमिनीखालच्या टाकीत, म्हणजे सम्पात, भरून ठेवतात आणि पुढच्या पाळीपर्यंत वापरतात. अशा साठलेल्या पाण्यात कधी कधी एक प्रकारचा अमीबा राहतो. धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही. ज्याचा पहारेकरी निजला आहे, त्याच्या मेंदूपर्यंत मात्र तो नाकावाटे पोचू शकतो.

दीपश्री वळल्या. "प्रभंजन, बाईंच्या पाठीचं पाणी उरलंय?"

"फ्रिजमध्ये ठेवलंय मॅडम."

"काढ. उबेत ठेव थोडा वेळ. थंडीत अमीबा अंग आखडून बसतो."

"पण मशीननं मोजलंय की. पांढऱ्या पेशीच आहेत त्या."

"मशीन मोजतं रे. कोण चालतंय ते बघत नाही."

उबेतून काढलेला एक कोमट थेंब, रंग न घालता, माझ्याखाली आला. दीपश्रींनी डोळा लावला. आधी काहीच हलेना. मग एका पेशीने अंगातून बारीक काटे बाहेर काढले. काटे लांबले, आखडले, आणि ती पेशी सावकाश पुढे सरकली. पांढऱ्या पेशी अशा काटे काढून चालत नाहीत.

दीपश्रींनी प्रभंजनला जागा दिली. त्याने पाहिले आणि मॅडम म्हणायचे विसरला.

"अय्यो अक्का, हे चालायलंय!"

ठरलेले स्टिरॉइड रद्द झाले. नमुना पक्क्या तपासणीसाठी बेंगळुरूला गेला आणि उत्तर तेच आले. अनेक औषधे एकत्र सुरू झाली. पण तेवढ्याने भागणार नव्हते. निजवलेला पहारेकरी जागा करायला हवा होता.

"त्यांच्या गोळ्या कमी कराव्या लागतील," दीपश्री वकीलसाहेबांना म्हणाल्या. "तुम्ही दिलेली किडनी जाऊ शकते."

ते म्हणाले, "जाऊ दे. डायलिसिसचा रस्ता आम्हाला पाठ आहे. तिच्या डोक्यात जे फिरायलंय, ते आधी बाहेर काढा."

मोठे डॉक्टर एकामागून एक मला पाहायला आले. मी फुगून गेलो. तेवढ्यात एकजण म्हणाला, "एमआरआयनं ठिपके दाखवले म्हणून तर पाणी काढलं." त्याचे बोलणे खरे होते आणि मला अजिबात आवडले नाही. पुढे ठिपके विरत चालल्याची बातमीही दर वेळी एमआरआयनेच दिली.

अनुसयाबाई वाचल्या. या आजारातून फार थोडे वाचतात. त्यांच्या शरीराचा मत्सर जागा झाला आणि औषधांच्या जोडीने त्याने अमीबाला हाकलले. मग त्याने वकीलसाहेबांच्या मूत्रपिंडालाही हाकलले. त्याला दोघांतला फरक कळत नव्हता.

काही महिन्यांनी त्या प्रयोगशाळेत आल्या. उजवा हात अजून जड होता, डाव्या हातात सम्पातल्या पाण्याची बाटली होती. दीपश्रींनी त्यातला एक थेंब माझ्याखाली ठेवला. अनुसयाबाई वाकल्या.

"अगंबाई, केवढी ही वस्ती! यांना मी रोज मीठ घालून घरात घेतलं?"

"वकिलाच्या घरात, नोटीस न देता," वकीलसाहेब म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "तुम्ही दिलेली वस्तू मला सांभाळता आली नाही."

"वस्तू गेली. घेणारी आहे. आता चल, एमआरआयची वेळ झाली."

आणि त्या त्याच्याकडे गेल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी अशा गोळ्या घेत असेल, तर नाकात जाणारे पाणीही उकळून निववलेलेच असू द्या. ते पोटात जात नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आणि तुमच्यातले कोणी पुढे प्रयोगशाळेत काम करणार असेल, तर असले पाणी बर्फात घालण्याआधी त्याचा एक कोमट थेंब माझ्यासारख्या म्हाताऱ्याला दाखवा.

माझा मत्सर गेलेला नाही. एमआरआयच्या पोटात माणसे डोळे मिटून पडून राहतात. माझ्याकडे यायचे तर डोळा उघडा ठेवावा लागतो. एवढ्यावर मी समाधान मानतो.

खंडेनवमी जवळ आली आहे. प्रभंजन, कुंकू लाव, पण भिंगावर नको. आणि खालच्याचा हार थोडा लहान केलास, तर दोन फुले माझ्यासाठीही उरतील.