थोरली

ओडर नदीकाठच्या त्या गावात राजाच्या हुकमाने जर्मन पाद्री आला आणि आठवडाभरात सगळं गाव ख्रिस्ती झालं. बाप्तिस्म्यासाठी जमिनीत पाण्याची पिंपं पुरली होती, बायकांच्या पिंपांभोवती पडदे होते. ब्रातुमिला गार पाण्यात तीनदा बुडून ओल्या केसांनी बाहेर येते तोच पाद्रीच्या दुभाष्याने पुकारलं, "ज्याला दोन बायका असतील त्याने आजच एक ठेवावी. दुसरी आजपासून बहीण!"

तिचा नवरा नेदामिर. त्याने मान वर केली नाही. "सुल्का," एवढंच म्हणाला. सुल्का धाकटी, दोन मुलांची आई. थोरल्या ब्रातुमिलाची कूस उजवली नव्हती.

"आणि मी?"

"बघू काहीतरी. देवाचा कायदा आहे, माझ्या हातात काय आहे?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "परवापर्यंत त्या देवाचं नाव तरी ठाऊक होतं का तुला? तुझं घर मी लिंपलं. ह्या दोन्ही पोरांची नाळ मी कापली. आणि बहीण? अठरा वर्षं बहिणीजवळ निजलास होय रे?"

कुणीतरी फिसकन हसलं. ती थेट पाद्रीसमोर जाऊन उभी राहिली. "त्याला विचारलंत. मला का नाही विचारलं? पाण्यात तर दोघांनाही बुडवलंत!"

दुभाष्या हळूच काहीतरी बोलला. पाद्रीने मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हणतात, देव तुझं दुःख जाणतो."

"दुःख नाही, राग म्हणावं! नीट सांग की मेल्या."

त्याने सांगितलं नाही.

ती वडिलांच्या मासे धुरावर वाळवायच्या खोपटात राहायला गेली. सुल्का रोज उघडपणे भाकरी घेऊन यायची. दुभाष्याने हटकलं तेव्हा म्हणाली, "माझी अक्का आहे ती. बंद करा पाहू माझी वाट!" नेदामिर मात्र तिकडे फिरकला नाही.

शरदात पाद्री पुढच्या गावी निघाला. नव्या लाकडी चर्चमध्ये निरोपाचं बोलताना त्याने देवाचे आभार मानले, की या गावात कुणाचंही मन न दुखवता सारं पार पडलं.

"खोटं!" ब्रातुमिला मागून ओरडली.

सगळे वळून बघायला लागले. पाद्रीने काय झालं म्हणून विचारलं. दुभाष्या घुटमळला.

"सांग," ती म्हणाली. "तू सांगेपर्यंत मी बसत नाही."

त्याने सांगितलं. पाद्रीचा चेहरा लालबुंद झाला. त्याने खाली बघत प्रार्थना सुरू केली. प्रार्थना संपेपर्यंत ब्रातुमिला उभीच होती.