मागच्या दाराची थाप

आमच्या बसचा कंडक्टर काढून टाकला त्याला चार वर्षं झाली. त्याच्या जागी दारात कार्ड टेकवायचं एक यंत्र बसवलं, ते दिवसाआड बंद पडायचं. मग कार्ड पुसून धरा, उलटं धरा, हे सगळे उपद्व्याप आम्हीच करायचे. तेही निमूट करत होतो. पण त्याच सुमाराला दाराच्या बाजूचा आरसा फुटला, आणि मागच्या दारातून कोण चढतंय, कोण लोंबकळतंय, हे ड्रायव्हरला दिसेनासं झालं. तक्रारवहीत मी स्वतः सात वेळा लिहिलं. सातही वेळा खाली एकच उत्तर, ‘नोंद घेतली.’

म्हणून आम्ही थाप सुरू केली. मागच्या दारात जो असेल त्याने आधी वाकून खाली बघायचं, सगळे चढले का, आणि मग दारावरच्या पत्र्यावर दोनदा थाप मारायची. ती ऐकली की ड्रायव्हर बस काढायचा. कुठल्याही नियमात हे बसत नव्हतं, पण चाललं होतं. दारात बहुतेक मीच असायचे, कारण एकदा आत शिरलं की माझ्या स्टॉपवर बाहेर पडणं मुश्कील. नेहमीचे लोक मला थापवाली म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

चौथ्या स्टॉपवर मावशी चढायच्या. एका शिंप्याच्या दुकानात काज-बटणाचं काम करायच्या, साठी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले. एक पाय पायरीवर, मग दांडी घट्ट धरायची, मग एक दम, मग दुसरा पाय. मागचे लोक ओरडायचे आणि मीही रोज करवादायचे.

“मावशी, आज चढताय की उद्या?”

“चढते गं बाई. गुडघ्यांची परवानगी घेते आधी.”

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या बसला माहीत होतं. पण थाप मी त्या आत आल्यावरच मारायचे.

त्या मंगळवारी बस वीस मिनिटं उशिरा आली आणि खचाखच भरून आली. मी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात काम करते. तिथल्या हजेरीवर माझ्या नावापुढे त्या महिन्यात दोन लाल शेरे पडले होते, तिसरा पडला की मालकासमोर उभं राहायचं. त्यात गर्दीचा फायदा घेऊन एक जण मागून अंगाला खेटत होता. दोनदा कोपर मारून पाहिलं, तो हलेना. चौथा स्टॉप आला तेव्हा मी वळून त्याला चारचौघांत फैलावर घेत होते. कोणीतरी ओरडलं, “झालं, चला आता.” मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते आणि माझा हात वर पत्र्यावर गेला. दोन थापा मारल्या. खाली बघितलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा.

मावशींचा एकच पाय पायरीवर होता.

बस दहा-पंधरा पावलांवर थांबली. फुटपाथच्या कडेवर त्यांचं डोकं आपटलं होतं. त्यांची एक चप्पल पायरीवरच राहिली, आणि आम्ही सगळे तिला पाय न लावता, ओलांडून खाली उतरलो. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच त्यांनी प्राण सोडला.

पोलिसांना ड्रायव्हर म्हणाला, “थाप ऐकली म्हणून बस काढली.” थाप कोणी मारली, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा आम्ही सगळे मूग गिळून बसलो. खेटणारा केव्हाच पसार झाला होता. पोस्टात काम करणाऱ्या काकांनी एका कागदावर लिहिलं, ‘बस अचानक सुटली.’ नऊ जणांनी सह्या केल्या. त्यात चौथी माझी. म्हटलं तर त्यात खोटं काही नव्हतं. मावशींसाठी बस अचानकच सुटली होती.

ड्रायव्हर निलंबित झाला. दोन दिवसांत आमच्या बसला नवा आरसा लागला. सात तक्रारींनी जे झालं नाही ते एका बाईच्या मरणाने झालं. नवा ड्रायव्हर आला, थाप बंद झाली. पण चौथ्या स्टॉपवर लोक अजून पाय उंच उचलून चढायचे. पायरीवर काहीच नव्हतं, तरी तिथे पाय ठेवायला कोणी धजत नव्हतं. मी मनातल्या मनात चढणारे मोजायचे. सहा जण चढले की माझा आकडा सात यायचा. पुन्हा मोजायचे, पुन्हा सात. बस सुटताना दाराची दांडी जड व्हायची, कोणीतरी खालून धरून ठेवल्यासारखी. मी हात सोडून बघितला, तरी ती जडच असावी असं वाटायचं. कारखान्यात घासलेली काच उजेडाला धरून तपासावी लागते. तिच्यातून पलीकडे बघायची मला भीती वाटू लागली. मी न तपासताच काचा पुढे सरकवायला लागले, आणि मग त्याचीही भीती वाटायला लागली.

थोरल्या बहिणीला एकदा सगळं सांगून टाकलं. आम्ही दोघीच एकत्र राहतो.

“तू मुद्दाम केलंस का?” ती म्हणाली. “नाही ना? मग गप्प राहा. गेलेलं माणूस परत येत नाही.”

“ताई, मावशी रोज येतात.”

ताईने ताटावरून मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा जेवायला लागली. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं होतं माझं. तिला दोष देऊन काय उपयोग.

महिन्याभराने एका सकाळी जुना ड्रायव्हर स्टॉपवर आला. अंगावर युनिफॉर्म नव्हता, त्यामुळे आधी ओळखलाच नाही. हात जोडून म्हणाला, “गुरुवारी चौकशी आहे. बावीस वर्षांची नोकरी जाईल माझी. एवढंच सांगा की थाप पडली होती. कोणाची, ते नका सांगू.”

काकांनी घड्याळ बघितलं. कोणी मोबाइल काढला. तो एकेकाकडे बघत होता, फक्त माझ्याकडे बघायचं टाळत होता. तेव्हा मला कळलं की त्याला माहीत आहे. माझी लाज मलाच सोसवेना.

गुरुवारी मी कामावर गेले नाही. डेपोच्या ऑफिसात तीन साहेब, एक लांब टेबल, कोपऱ्यात ड्रायव्हर, आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर एक मुलगी. मावशींची मुलगी, हे मला सांगावं लागलं नाही. चेहरा तोच होता.

“थाप मी मारली,” मी म्हणाले.

“थाप म्हणजे काय?” मधले साहेब म्हणाले.

मी पहिल्यापासून सांगितलं. आरसा, तक्रारवही, वाकून बघायचा रिवाज.

“मग त्या दिवशी बघितलंत का?”

“नाही.”

“आणि या कागदावर सही आहे तुमची.”

“घाबरले होते. माझ्यामुळे त्या गेल्या. यांचा काही दोष नाही.”

ड्रायव्हरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. साहेब बराच वेळ लिहीत राहिले. शेवटी म्हणाले, “मग यांच्या बडतर्फीचा प्रश्न उरत नाही. तुम्ही बाहेर बसा. पोलिसांना बोलवावं लागेल.”

मी बाहेरच्या बाकावर बसले. महिन्याभरात पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं वाटत होतं. एवढ्यात ती मुलगी बाहेर आली आणि समोर उभी राहिली. मी मान खाली घातली. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

“दारात रोज तुम्हीच असायच्या?”

“हो.”

“दुकानाच्या दारात सोडणारी दुसरी बस होती. रिकामी असायची. मी आईला कितीदा सांगितलं, ती धर. ती ऐकायची नाही.” तिचा आवाज शांत होता. “म्हणायची, त्या बसच्या दारात कोणी नसतं. माझ्या बसमध्ये एक बाई आहे, तोंडाने फटकळ आहे, पण मी चढल्याशिवाय बस हलू देत नाही.”

तिने ओढणी सारखी केली आणि ती जिना उतरून गेली. आतून शिपायाने मला हाक मारली. मी दाराची चौकट धरली आणि आत जाण्याआधी वाकून खाली बघितलं.