महाराजांचा ओळंबा

भेटीच्या वेळी मनोरुग्णालयाच्या जेवणघरात पाय ठेवायला जागा नव्हती. नातेवाईक बाकांवर चढले होते, स्वयंपाकी झारा हातात घेऊनच आला होता, आणि औषधांच्या खिडकीवर 'पाच मिनिटांत येतो' अशी पाटी लावून तिथला माणूस अर्ध्या तासापासून पुढच्या रांगेत बसला होता. सगळ्यांच्या नजरा व्यवस्थापकांनी बोलावलेल्या लोलकमहाराजांच्या चिमटीतून लोंबणाऱ्या पितळी लोलकावर खिळल्या होत्या.

"मी काहीच करत नाही," महाराज डोळे अर्धे मिटून म्हणाले. "विश्वाची सूक्ष्म कंपनं लोलकात उतरतात. सरळ झुलला तर सत्य, गोल फिरला तर मनाचा भ्रम."

खाली टेबलावर तक्रारीचा एक कागद ठेवला होता. लोलक थरथरला आणि गोल गोल फिरू लागला.

"भ्रम!" गर्दीने सुस्कारा सोडला. त्यातला सगळ्यात मोठा सुस्कारा व्यवस्थापकांचा होता. बायकांच्या वॉर्डातली ही महिन्यातली तिसरी तक्रार. बायका अंघोळीला गेल्या की वॉर्डबॉय आत शिरतो, अंगाला हात लावतो, असं तिन्ही बायकांचं म्हणणं. चौकशी करायची म्हणजे समिती, पोलीस, नाही ते लचांड. लोलक दोन मिनिटांत निकाल देत होता, आणि तोही व्यवस्थापकांच्या सोयीचा.

मागच्या बाकावर गवंडीण बसली होती. बावीस वर्षं भिंती बांधल्यावर तिला कानात आवाज ऐकू यायला लागले, म्हणून दोन महिन्यांपूर्वी ती इथे आली. ते ती लपवत नव्हती. पण फाइलीत 'भ्रम' हा शब्द चढल्यापासून तिने चहा गार आहे म्हटलं तरी लोक कप पाहायच्या आधी फाइल पाहायचे. दुसरी तक्रार तिचीच होती. आजची तिच्या शेजारच्या खाटेवरच्या पोरीची. एकोणीस वर्षांची ती पोर पाच दिवस भीतीने अंघोळीला गेली नव्हती.

"मावशी," पोरीने तिची बाही ओढली, "मला खरंच भास झाला का गं?"

गवंडिणीचं डोकं फिरलं. महाराजांच्या हातात काय आहे, हे तिने आल्याआल्या ओळखलं होतं. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला गवंडी दोऱ्याला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. दुसरं काय?

ती उठून उभी राहिली. "महाराज, तो ओळंबा जरा सलाईनच्या स्टँडला टांगा की."

"बाई, हा दिव्य लोलक आहे!"

"मग तर स्टँडलाही चालेल."

लोक हसले. व्यवस्थापक ओरडले, "सिस्टर, ह्या पेशंटला आत घेऊन जा!" तिन्ही तक्रारी सिस्टरनेच वर पाठवल्या होत्या आणि तिन्ही वेळा बोलणी खाल्ली होती. ती आत गेली खरी, पण पेशंटला न घेता, आणि येताना स्टँड घेऊन आली.

लोलक टांगला, खाली कागद ठेवला. एक मिनिट गेलं, दोन गेली. लोलक जेवून आलेल्या कारकुनासारखा स्वस्थ होता.

"त्याला जिवंत देहाची ऊर्जा लागते!" महाराजांनी कपाळ पुसलं.

"आपला स्वयंपाकी चांगला जिवंत आहे," असं म्हणून गवंडिणीने दोरा त्याच्या चिमटीत दिला. "दादा, हात हलवायचा नाही. मनात नुसतं म्हणा, गोल फिर."

थोड्या वेळाने लोलक गोल फिरायला लागला. स्वयंपाक्याचे डोळे पांढरे झाले. "आईशप्पथ, मी नाही हलवत!"

"आता म्हणा, सरळ झुल."

लोलक सरळ झुलला.

"हलवताय तुम्हीच, दादा, पण तुम्हाला त्याचा पत्ता नाही. मनात असतं तसं बोट केसभर हलतं आणि लांब दोऱ्याला ते हलणं मोठं दिसतं. म्हणून आम्ही ओळंबा भिंतीवरून सोडतो. नुसता हातात धरला, तर हवी ती भिंत सरळ दिसेल."

"मग महाराजांच्या मनात काय आहे?" औषधवाल्याने विचारलं.

"बघू या." सिस्टरने बँडेज काढलं आणि महाराज नको नको म्हणेपर्यंत त्यांच्या डोळ्यांवर बांधलं. "महाराज, त्याच तक्रारीवर पुन्हा एकदा." आणि तिने गुपचूप कागद बदलला.

लोलक गोल फिरला. "भ्रम!" महाराज गरजले. "स्त्रीमनाचा भ्रम!"

पट्टी सुटली. टेबलावर व्यवस्थापकांचा अर्ज होता: प्रकृती बरी नसल्यामुळे पाच दिवसांची रजा मिळावी.

"एकदा तरी लोलक खरं बोलला," स्वयंपाकी म्हणाला आणि जेवणघर हसून हसून लोळलं. त्या गोंधळात महाराज मागच्या दाराने सटकले. लोलक टेबलावरच राहिला.

गवंडीण मात्र हसत नव्हती. "मला आवाज ऐकू येतात, ते मी डॉक्टरांना रोज सांगते. पण आवाजांना हात नसतात. अंघोळीच्या खोलीत आला त्याला हात होता, आणि बोटात लाल खड्याची अंगठी होती."

"मीसुद्धा अंगठी लिहिली आहे," पोर उभी राहून म्हणाली.

"तिन्ही कागदांत आहे," सिस्टर म्हणाली. "लोलक सगळ्यांनी पाहिला, कागद कुणी वाचलाच नाही."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. तिथे उभ्या असलेल्या वॉर्डबॉयचा उजवा हात खिशात गेला होता.

"हे बघा, इथली गोष्ट इथेच..." व्यवस्थापकांनी सुरुवात केली. तोवर सिस्टर फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होती.

पुढे पोलिसांनी तिन्ही बायकांचे जबाब घेतले, वॉर्डबॉयला नेलं, आणि अंघोळीच्या वेळी दारावर बाई मदतनीस आली. त्या खोलीला आतून कडीच नव्हती, हे रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांना तेव्हा कळलं. कडी गवंडिणीने बसवली, अडचणीच्या वेळी सिस्टरला बाहेरून किल्लीने उघडता येईल अशी. चौकट सरळ आहे का ते बघायला तिने महाराजांचा लोलक वरच्या खिळ्याला टांगला. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी काम केलं.

वेड्या बाईचं कोण ऐकणार, या एका समजुतीवर महाराजही जगत होते आणि वॉर्डबॉयही. बाई आजारी असली म्हणून तिची तक्रार आजारी होत नाही. तिचा कागद वाचा, दार बघा, किल्ली कुणाकडे असते ते विचारा. एवढं करायला दिव्य शक्ती लागत नाही.

पोर टॉवेल घेऊन आत गेली. गवंडीण आणि सिस्टर बाहेर थांबल्या. कडी सरकल्याचा आवाज आला, आणि तो दोघींनाही ऐकू आला.