काळ्या लोकरीची पिशवी

मोतीबिंदू काढल्यावर बिरुदेवला महिनाभर धूळ वर्ज्य होती. मेंढरं थोरल्या लेकाच्या हवाली करून तो जुळे सोलापूर भागात लेकीच्या, दिपालीच्या, फ्लॅटवर राहायला आला. लेक-जावई कामावर गेले की घर खायला उठायचं.

एका सकाळी भिंतीवर त्याला भोपळ्याच्या बीएवढी चपटी, मातकट पिशवी दिसली. बघता बघता ती सरकली. तिच्या एका टोकातून अळीचं तपकिरी डोकं आणि सहा पाय बाहेर आले आणि पिशवी ओढू लागले. त्यानं काडी आडवी धरली, तर अळी आतल्या आत वळली आणि दुसऱ्या टोकातून निघून उलट दिशेला चालू लागली. बिरुदेव एकटाच हसला.

संध्याकाळी दिपालीनं झाडू उगारला.

"ऱ्हाऊ दे की गं. लई हुशार हाय ती."

मग रोज तेच. अळी वाढेल तशी पिशवीला कडेनं नवी पट्टी जोडायची. पंधरा दिवसांनी जोडलेली पट्टी मात्र काळीभोर होती. बिरुदेवनं तिचा एक धागा चिमटीत चोळला.

"दिपे, ही आपल्या मेंढरांची लोकर हाय. हितं कुटनं आली?"

 दिपालीनं स्टुलावर चढून माळ्यावरची घोंगडी काढली. आईनं स्वतः लोकरीचं सूत कातून तिच्या लग्नात दिलेली. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. घडी उलगडली तर जागोजाग भोकं, आणि भोकांच्या कडेला तसल्याच पिशव्या.

"खराब हुईल म्हनून वापरली न्हाय, आण्णा," तिनं भोकांवरून हात फिरवला.

रोज अंथरली असतीस तर कसर लागली नसती, हे बिरुदेवच्या ओठांवर आलं होतं. पण त्यानं ते गिळलं.

"तुझ्या आईची सवताची घोंगडी माज्या पेटीत हाय. ती गेल्यापास्नं मीबी पेटी उघडली न्हाय."

दिपालीनं त्याला धुळीपासून लांब बसवलं आणि गच्चीवर घोंगडी स्वतः झोडपली. त्या रात्री ती घोंगडीवरच निजली.

भिंतीवरची पिशवी वर कोपऱ्यात जाऊन चिकटली आणि हलेनाशी झाली. बिरुदेव गावी जायच्या आदल्या दिवशी तिच्यातून करडा पतंग निघाला. ज्वारीच्या दाण्याहून जरा लांब, पंखांवर काळे ठिपके, कडेला केसांची झालर. दिपालीनं मोबाइलवर वाचून सांगितलं, "ह्यो आता काय खात न्हाय म्हनं. अंडी घालायची, चार दिस जगायचं."

बिरुदेव बराच वेळ बघत राहिला.

गावी पोचल्यावर त्याचा फोन आला.

"पेटी उघडली गं. भोकं हायत, पर ऊब हाय अजून."