तिसऱ्या टाकीचं पाणी

"उतरली सगळी खाली," असं काकांनी दारातच हसत सांगितलं आणि बारकीच्या जिवात जीव आला. तो जेमतेम मिनिटभर टिकला.

बारकी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे, ते मोठ्या भावानं, दादानं, ठेवलेलं. आता ती चौतीस वर्षांची होती, दादाहून चार बोटं उंच होती आणि समुद्रकाठच्या प्रवाळ केंद्राची प्रमुख होती. तरी टाक्या सांभाळणारे काकासुद्धा पाठीमागं तिला बारकीबाईच म्हणत.

गेल्या उन्हाळ्यात पाणी तापलं आणि समोरच्या खडकांवरचा प्रवाळ पांढरा पडून मेला. शोधून शोधून जिवंत सापडली ती चार झुडपं. प्रवाळ वर्षातून एकदाच अंडी सोडतो, तशी त्या चौघांनी चार-पाच दिवसांपूर्वी सोडली होती. त्यांतून निघालेली पिल्लं, खसखशीच्या दाण्याएवढी, तीन टाक्यांत पोहत होती. ही पिल्लं चार-पाच दिवस पाण्यात हिंडतात, मग तळाशी जाऊन घरासाठी जागा चाचपतात. त्यांना दगडावरचा एक गुलाबी पापुद्राच आवडतो. तो मिळाला की त्याला चिकटतात आणि जन्मभर तिथून हलत नाहीत. नाही मिळाला तर संपली. म्हणून केंद्रात फरशीचे तुकडे तीन महिने समुद्रात ठेवून गुलाबी करून घेतले होते. आज ते टाकीत सोडायचे होते. ही पिल्लं गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा करू म्हणायची सोय नव्हती, कारण ती चार झुडपं पुढच्या वर्षापर्यंत जगतील याची हमी कोणीच देत नव्हतं.

तेव्हा पिल्लं तळाला गेली हे ऐकून आनंद व्हायलाच हवा होता. बारकीनं पहिल्या टाकीतलं थोडं पाणी बशीत घेऊन भिंगाखाली धरलं. जागा शोधणारं पिल्लू तळावर फिरत राहतं. ही फिरत नव्हती. काहींच्या कडा विरघळायला लागल्या होत्या. दुसऱ्या टाकीतही तेच. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

पाणी गार नव्हतं, गरमही नव्हतं. मीठ बरोबर होतं, हवा व्यवस्थित खेळत होती. मग उरलं काय? तिनं काकांना विचारलं, टाकी पुसताना साबण वापरलात का. विचारलं कसलं, सरळ आरोपच केला, तोही ऑफिसातली दोन माणसं ऐकत असताना. काकांचा चेहरा उतरला. अठरा वर्षं टाक्या धुतल्या, असं कोणी बोललं नव्हतं, म्हणाले. "पाच दिवस मी अंगालासुद्धा साबण लावलेला नाही. जवळ येऊन बघा."

एरवी ती हसली असती. आज तिला तेवढी उसंत नव्हती. तिसऱ्या टाकीतली पिल्लं अजून धडधाकट होती, पण तिथलं पाणी कालपासून बदललेलं नव्हतं. ज्या दोन झुडपांची ती होती त्यांनी एक दिवस उशिरा अंडी सोडली होती, म्हणून या टाकीचं वाहतं पाणी आज सुरू व्हायचं होतं. दोन टाक्यांना काय झालं ते कळेना, निदान हिला ताजं पाणी मिळू दे, असा विचार करून तिनं काकांना सांगितलं, "तीन नंबरचं सोडा." आणि स्वतः पाइपावर हात ठेवून भिंतीकडून पुढं चालत निघाली, कुठं काही फुटलंय का बघत.

पाइप प्लास्टिकचा होता. कोपऱ्यात, टाक्यांच्या आधी, तिच्या हाताला गार आणि गुळगुळीत काहीतरी लागलं.

"काका, थांबा!"

काकांनी चावी अर्धी फिरवली होती. तशीच उलटी फिरवली. तिसऱ्या टाकीच्या तोंडाशी पाणी आलं होतं, आत पडलं नव्हतं.

तो पितळेचा कॉक होता, नवाकोरा. पितळेत तांबं असतं, ते खाऱ्या पाण्यात कणाकणानं उतरतं आणि प्रवाळाच्या पिल्लांना तेवढं विष पुरतं. पाण्याच्या वाटेत धातू नको, हा केंद्राचा पहिला नियम. नव्या माणसाला बारकी पहिल्या दिवशी तोच सांगायची. काल जुना प्लास्टिकचा कॉक गळायला लागला आणि तिनं प्लंबरला बोलावलं. पण तो प्लंबर नवा माणूस नव्हता, दादा होता. तो आला तेव्हा तिचा डोळा भिंगाला होता. मान वर न करता ती म्हणाली होती, तू बघ रे. आणि दादानं बहिणीच्या कामासाठी दुकानातला सगळ्यात चांगला कॉक निवडून आणला होता.

ती आधी काकांकडे गेली. चूक माझी होती, मी नको ते बोलले, असं तिनं त्याच दोन माणसांदेखत सांगितलं. काका म्हणाले, ते नंतर बघू, आधी टाकीचं बघा.

फोन केल्यावर दादा दहा मिनिटांत हजर झाला, हत्यारांची पिशवी खांद्यावर.

"गळतंय का परत? माझ्या हातचं गळणार नाही ते."

"गळत नाहीये, दादा. कॉक पितळेचा आहे."

"अस्सल आहे. प्लास्टिकचं काय घेऊन बसलीस, सहा महिन्यांत…"

"पितळेनं पिल्लं मरतात. दोन टाक्या गेल्या."

दादा पहिल्या टाकीपाशी गेला आणि आत वाकून बघत राहिला. मला कोणी सांगितलं नाही, असं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता. तो म्हणाला नाही.

"मी सांगायला हवं होतं," बारकी म्हणाली. "तुझा दोष नाही."

"पोरी, कॉक तर मीच बसवला ना?"

पाइप धुऊन निर्धोक व्हायला दिवस जाणार होता आणि तिसरी टाकी तेवढी थांबणार नव्हती. पाणी हातानंच आणायचं ठरलं. बादल्या प्लास्टिकच्या होत्या, पण त्यांच्या कड्या तारेच्या. दादानं पक्कड काढून एकेक कडी तोडली आणि दोरी बांधली. काठाजवळ लाटा गाळ उसळवत होत्या, म्हणून छातीभर पाण्यात जाऊन भरावं लागत होतं. दादा भरायचा, काका वाहायचे, बारकी मगानं जुनं पाणी काढून नवं धारेनं सोडायची. पंचवीस खेपांनंतर काकांना धाप लागली, तेव्हा दादा दोन्ही कामं करू लागला. दुपारी गुलाबी फरश्या टाकीत सोडल्या आणि जीव टांगणीला लावून तिघं तिथंच बसली.

चार वाजता पोहणारी पिल्लं फारशी दिसेनात. बारकीनं एक फरशी पाण्याच्या ताटलीत उचलून घेतली आणि भिंगाखाली ठेवली. गुलाबी पापुद्र्यावर बारीक ठिपके होते. तिनं दादाला बघायला बसवलं.

"हलत नाही गं," तो म्हणाला. "मेलं का?"

तिला ठाऊक नव्हतं. मेलेलं असंच पडतं आणि बसलेलंही असंच दिसतं. खात्रीचा उपाय एकच, ड्रॉपरनं पाण्याची पिचकारी मारायची. ज्यानं जागा धरली ते सुटत नाही. तिनं ड्रॉपर भरून घेतला. तिनं तो दादापुढं केला.

दादानं हात मागं घेतले. "माझे नकोत. जन्मभर पितळच धरलंय."

"धुतलेस ना?"

"तीनदा."

"मग मार."

त्यानं श्वास रोखून ड्रॉपर दाबला. ठिपका उडाला आणि पाण्यात लोळत गेला. दादानं मान वर केली. तिनं दुसऱ्या ठिपक्याकडे बोट केलं. तोही उडाला. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तिसऱ्याला पिचकारी बसली आणि तो जागचा हलला नाही. दादानं पुन्हा मारली, या वेळी जोरात. ठिपका तसाच. त्याच्या शेजारचा तसाच. त्याच्या पलीकडचाही.

"बसलेत," बारकी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. काकांनी वळून बघितलं आणि मटकन बाकावर बसले.

दादाचा डोळा भिंगालाच होता. तसंच त्यानं विचारलं, "त्या दोन टाक्यांतली पण अशीच बसली असती?"

नाही म्हणता आलं असतं. नक्की सांगता येत नाही, असंही म्हणता आलं असतं.

"हो, दादा," ती म्हणाली आणि पुढची फरशी त्याच्यासमोर ठेवली.