वहीतल्या कृत्तिका

आमच्या ह्यांचं आणि समोरच्या बेकरीवाल्याचं वाजलं ते दिव्यावरून. बेकरीच्या दारावर नवा पांढरा दिवा लागला आणि त्याच हिवाळ्यात ह्यांना कृत्तिकांमधले तारे कमी दिसायला लागले. पूर्वी सहा मोजायचे, आता तीन. वहीत तशी नोंदच होती. आकाशाची ही वही ह्यांनी लग्नाआधीपासून ठेवली आहे. तारीख, हवा कशी, काय दिसलं, आणि शेजारी ठिपक्यांचं चित्र. एक संपली की दुसरी. तिला हात लावायची परवानगी घरात कुणालाच नाही, मला तर नाहीच.

बेकरीवाला भला माणूस. त्याने दिव्यावर पत्र्याची टोपी बसवली आणि आमची गच्ची अंधारात गेली. तरी तारे तीनच. मग धूळ निघाली, मग धुकं निघालं. एकदा तर शेजारणीने वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवरही संशय गेला. फक्त स्वतःच्या डोळ्यांवर जाईना.

मी गप्प बसले नाही, तो माझा स्वभावच नाही. हे घड्याळं दुरुस्त करतात. हल्ली मनगटी घड्याळ आलं की वेळ नाही म्हणून परत पाठवायचे आणि भिंतीवरची मोठी घड्याळंच घ्यायचे. भिंग लावूनही स्क्रू सापडत नव्हता, हे मी दुकानात डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं होतं. डॉक्टरांकडे चला म्हणून मी मागे लागले. पण ह्यांच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशननंतर गेलेला, त्यामुळे डॉक्टरांचं नाव काढलं की हे उठून गच्चीवर. मला भीती वाटायची. असंच चाललं तर दुकान बंद होईल, आणि हा माणूस अंधारात बसून दिव्यालाच दोष देत राहील.

एका संध्याकाळी मीही मागोमाग वर गेले आणि म्हटलं, मला सहा दिसतात.

"सहा असतात हे तुला माहीत आहे, म्हणून दिसतात," हे म्हणाले.

मला असा राग आला. म्हटलं, आकडा राहू द्या, कागद द्या. बिलबुकातलं एक पान मिळालं. मान वर, मान खाली करत मी दिसले तसे ठिपके काढले. चित्रकला माझी बेताचीच. शाळेत मी काढलेलं मांजर बघून बाईंनी विचारलं होतं, टेबलाला शेपूट कशाला? पण ठिपक्यांना काय लागतं.

खाली येऊन ह्यांनी जुनी वही काढली, आमची मुलगी शाळेत होती तेव्हाची. पान उघडून माझा कागद शेजारी धरला, अगदी नाकाजवळ. सहाच्या सहा ठिपके जागच्या जागी होते. ती वही मी कधीच उघडलेली नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? बंदी त्यांचीच होती.

ह्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "म्हणजे आकाश आहे तसंच आहे."

जिंकल्यावर बरं वाटेल असं मला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून तसं काही वाटलं नाही. "अहो, आकाश बिघडलं असतं तर कुणाकडे नेलं असतं? डोळ्याला निदान डॉक्टर आहे," मी म्हटलं. हे हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी चपला घालून माझी वाट बघत उभे होते.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, आधी उजवा करू. डाव्याचं नाव आत्ता काढायचं नाही, असं ह्यांनी मला बाहेर आल्या आल्या बजावलं. ऑपरेशनच्या सकाळी माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी बोटात रुतली.

हिवाळा सरायच्या आत डॉक्टरांनी परवानगी दिली आणि त्याच संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. ह्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला, वर पाहिलं आणि ओठ हलवत मोजायला लागले. मी श्वास धरून उभी. मोजून झालं तरी मान खाली येईना. काखेतली वही त्यांनी न बघताच माझ्याकडे सरकवली.

"तू लिही. मला आत्ता खाली बघायचं नाही."

मी वही उघडली. विचारलं, किती लिहू.

"उजवा, सहा." मग त्यांनी हात बदलला. "डावा, तीन. तेही लिही." जरा थांबून म्हणाले, "आणि ह्या डोळ्याची तारीख कधीची मिळते, उद्या विचारून ठेव."